चंद्राच्या आईचा आवाज

आमचं घर म्हणजे वसतिगृहाच्या टोकाच्या दोन खोल्या. मधली भिंत एकच, त्यामुळे आमच्याकडे काय शिजलं ते पोरींना वासावरून कळायचं आणि पोरींच्या खोलीत कोण रडतंय ते आम्हाला भिंतीतून कळायचं. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या शेजारी ही इमारत होती. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला शाळा. हंगाम सुरू झाला की मळीचा तो आंबूस-गोड वास कपड्यांत, पांघरुणात, भाकरीच्या पिठात, सगळीकडे शिरायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला मात्र तो नसला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या मुली इथं राहायच्या. आईबाप दिवाळीनंतर कोयते घेऊन बाहेर पडायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे, आणि तोवर या मुलींचं सगळं बघायची माझी आई. सगळ्या तिला ‘बाई’ म्हणायच्या. मीसुद्धा चारचौघींत बाईच म्हणायचे, नाहीतर ‘हिलाच तेवढी आई’ असं पोरींच्या डोळ्यांत दिसायचं. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. घरात त्यांचं बोलणं फारच कमी, आणि जे होतं ते बहुतेक वेळा ‘आपल्याला काय करायचंय’ या एका वाक्यात मावायचं.

त्या घराची आठवण आली की मला आधी दिसतं ते निवडण. शाळा सुटून हातपाय धुऊन झाले की दिवेलागणीच्या आधी ओसरीवर पोतं सोडलं जायचं. रेशनच्या तांदळात काय नसायचं! खडे, काड्या, सुतळीचे तुकडे, एकदा तर आख्खं बटण. पोरी गोल करून बसायच्या, प्रत्येकीपुढे ताट किंवा सूप, मधे एक पितळी वाटी, आणि सापडलेला खडा त्या वाटीत टाकायचा. आईनं या वेळेला एक वळण लावलं होतं. तांदूळ निवडता निवडता दिवसभरात कुठल्या मोठ्या माणसाचं काही खटकलं असेल तर ते तिथं सांगायचं. पोरींनी एकमेकींची गाऱ्हाणी सांगायची नाहीत, ती वेगळ्या वेळी. इथं फक्त मोठ्या माणसांचं. ते किती बारीक आहे ते बघायचं नाही, आपलं चुकलं असेल का याचाही विचार करायचा नाही. ‘तुमी सांगा, बारीक का मोठं ते मी बघते,’ असं ती म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं, की तिच्या लहानपणी तिचं ऐकायला कुणी नव्हतं म्हणून तिनं ते काढलं, हे तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

बहुतेक गोष्टी हसण्यासारख्याच निघायच्या. शिपाई एकीलाच पेरू देतो. स्वयंपाकाच्या सखूमावशी एकीला ‘काळे’ म्हणून हाक मारतात. ‘बाई, काल तुमी माझी वेणी लई आवळली,’ असं एक चिमुरडी म्हणाली, तेव्हा आई हात जोडून म्हणाली, ‘चुकलं माझं, उद्या सैल घालते.’ दुसऱ्या दिवशी आई त्या त्या माणसाकडे जायची. आवाज न चढवता, कुणी ऐकणार नाही असं बघून जे असेल ते सांगायची आणि नंतर हेडसरांच्या कानावरही घालायची. शिपायाला म्हणाली, ‘पेरू द्यायचा तर समद्यांना द्या, आन् माझ्यासमोर द्या.’ तो काही दिवस फुगून बसला, मग विसरला. हेडसर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, माणूस भला. पण आई आली की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. ‘बाई, तुम्ही फार बारीकसारीक मनाला लावून घेता,’ असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे.

त्या हंगामात निवृत्ती मास्तर आले. पोरींचा अभ्यास घ्यायला ठेवलेला माणूस, पाथर्डीकडचा, बारीक अंगाचा, सदा इस्त्रीचा पांढरा सदरा. मागच्या अंगाला धान्याची जुनी कोठी होती, तिच्या शेजारच्या खोलीत राहायचा. नकला करायचा, आणि काय नकला करायचा महाराजा! कारखान्याचा भोंगा काढायचा, हेडसरांचा खोकला काढायचा, एसटीचा कंडक्टर काढायचा, तर आम्ही पोटं धरधरून हसायचो. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. एकच गोष्ट मला तेव्हाही विचित्र वाटायची. नकला करणारे लोक तोंडं वेडीवाकडी करतात. मास्तरांचा चेहरा मात्र नक्कल सुरू झाली की पाटी पुसल्यासारखा कोरा व्हायचा. डोळे कुठंतरी लांब लागायचे आणि आवाज तेवढा बाहेर यायचा.

एका सुट्टीच्या दुपारी मी घरात लोळत पडले होते. आई कारखान्याच्या भांडारात रेशन आणायला गेली होती, दादा काट्यावर. उसाच्या पाचटाची सळसळ सोडली तर सगळं गप्प. तेवढ्यात मागच्या अंगणातून आईची हाक आली. ‘सुले, ए सुले, जरा इकडं ये गं.’ तिची ती ‘गं’ लांबवायची लकब, मधेच श्वास घ्यायची सवय, सगळं तिचंच. मी उठून गेले. अंगणात कुणी नाही. पुन्हा हाक आली, कोठीच्या बाजूनं, जरा रागानं. मी तिकडे वळले तर लिंबाखाली निवृत्ती मास्तर उभे. तोंड मिटलेलं. माझ्याकडे बघत होते, पण ओळख नसल्यासारखे. मग एकदम हसले आणि म्हणाले, ‘फसलीस का न्हाई?’ मीही हसले. हसताना माझ्या हातावर काटा आला होता तो मी फ्रॉकला पुसत राहिले.

संध्याकाळी मी ते सांगितलं. पोरी खिदळल्या, ‘मास्तर, माझ्या आईचा बी आवाज काढा,’ म्हणून आपसांत चेष्टा सुरू झाली. आईचा हात मात्र सुपात थांबला. दुसऱ्या दिवशी मास्तर ओसरीवर आले तेव्हा मी दाराआड होते, म्हणून मला ऐकू आलं.

‘मास्तर, माझ्या आवाजात पोरींना हाका मारायच्या न्हाईत.’

‘अहो बाई, जरा गंमत केली.’

‘गंमतच हाय, मला कळतं. पन उद्या मी खरंच हाक मारली आन् पोरगी म्हनली मास्तर असतील, जाऊ दे, तर? न्हाईतर तुमी मारली आन् ती मला समजून कुठंबी आली, तर? माझ्या काय, कुन्याच आईच्या आवाजात हाक मारायची न्हाई.’

मास्तरांनी कानाला हात लावले. आईनं हेडसरांना सांगितलं, हेडसरांनी आठ्या घातल्या. झालं. तेवढ्यावर ते मिटलं, असं आम्हाला वाटलं.

चंद्रकला तेव्हा दुसरीत होती. आम्ही तिला चंद्रा म्हणायचो. डोंगराकडची पोर, रंगानं सावळी, गालावर कायम सुकलेल्या शेंबडाची रेघ. तिची आई आदल्याच हंगामात उसाच्या फडात पान लागून, म्हणजे साप चावून, गेली होती. बाप टोळीबरोबर लांब कऱ्हाडच्या बाजूला. आली तेव्हा ही पोर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मुकाट रडायची. मग हळूहळू तिचं रडं थांबलं. आईला बरं वाटलं, सगळ्यांनाच बरं वाटलं. अहो, रडणारं मूल गप्प झालं की मोठी माणसं फार विचारत नाहीत. चंद्रा नीट केस विंचरायला लागली, तेही वेगळ्या पद्धतीनं, भांग वाकडा पाडून. मधेच कुणी नसताना मान हलवायची, कुणीतरी काही सांगतंय आणि आपण हो म्हणतोय अशी. लहान वर्गांची शाळा दुपारी सुटायची, आणि त्यानंतरचा काही वेळ ती कुठं असायची ते कुणालाच धड माहीत नसायचं.

एकदा सखूमावशींनी शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाची ती वळलेली कडबोळी लसणाच्या फोडणीच्या पाण्यात उकळायची, वर तेल सोडायचं. आजही कुणी केले तर मी जेवण सोडून त्या पातेल्याशीच बसते. तर त्या दिवशी चंद्रानं अर्धे शेंगोळे वाटीत बाजूला काढले, वर भाकरीचा तुकडा झाकला.

‘कुणाला गं?’ मी विचारलं.

‘आईला.’

‘बाईंना?’

‘न्हाई. माझ्या आईला. दुपारची येती ती. बोलती माझ्याशी.’ ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, बाजाराला जायचंय असं सांगावं तसं. मग एकदम माझ्या अगदी जवळ सरकली. ‘तू कुनाला सांगू नकोस. आईनं सांगितलंय, सांगितलं की मी येनार न्हाई.’

नंतर कळलं की पोरींना हे आधीच माहीत होतं. एकीनं कोठीच्या बाजूनं कुणा बाईमाणसाचा आवाज ऐकला होता. दुसरीनं तर शपथेवर सांगितलं की तो चंद्राच्या आईचाच, गेल्या साली ती चंद्राला सोडायला आली तेव्हाचा. सखूमावशींनाही ठाऊक होतं. ‘उसात मेलेलं बाईमानूस, लेकरात जीव अडकलेला, येनारच की गं ती,’ असं म्हणून त्यांनी तिठ्यावर लिंबू आणि भाताचा उतारासुद्धा टाकला होता. आईला भुताखेतांचं बोलणं खपायचं नाही, म्हणून तिच्यापर्यंत काही जाऊ दिलं नव्हतं. आणि निवडणाला हे कसं सांगायचं? तिथं मोठ्या माणसांचं सांगायचं असतं. मेलेली आई काही वसतिगृहातलं माणूस नव्हे. आम्ही सगळ्याजणी एवढ्या शहाण्या, आणि आमची गाडी नेमकी इथं अडली.

मी तरी कशी बोलले ते मला माहीत नाही. ओसरीवर सगळ्या बसल्या होत्या, चंद्रा नव्हती, अंगात कणकण आहे म्हणून आत झोपली होती. शेजारच्या उसात वारा शिरला होता. मी तांदळात बोटं फिरवत विचारलं, ‘बाई, मोठ्या माणसांत मेलेलं माणूस धरायचं का?’

पोरींचे हात थांबले. स्वयंपाकघरातून सखूमावशी ओरडल्या, ‘गप गं कारटे!’

‘धरायचं,’ आई म्हणाली. ‘सांग तू.’

मी सगळं सांगितलं. वाटी, भाकरीचा तुकडा, दुपारचा आवाज. आई ऐकत होती, मधेच एखादा खडा टिपत होती. ‘सांगितलं की मी येनार न्हाई,’ हे वाक्य आलं तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

‘मेलेल्या आया आसं म्हनत न्हाईत,’ ती हळूच म्हणाली. ‘आसं जितं मानूस म्हनतं.’

दुसऱ्या दिवशी तिनं मला शाळेत जाऊ दिलं नाही. ‘माझ्या एकटीचं कोन खरं धरील,’ म्हणाली. लहान वर्ग सुटले. आम्ही मागच्या अंगणात धुणं वाळत घालत राहिलो. चंद्रा आली, दप्तर ठेवलं, पदराखाली झाकावी तशी फ्रॉकखाली वाटी धरून कोठीकडे गेली. आई थांबली. मग माझा हात धरून निघाली. ऊन असं पडलं होतं की लिंबाच्या सावलीतसुद्धा डोळे मिटत होते. कोठीचं दार आतून लावलेलं. आणि आतून एक बाई बोलत होती.

‘चंद्रे, माझी बाय ती. खाल्लंस का गं? मान हलवू नगं, केसांतला गुत्ता निघंना झालाय.’

आईची माझ्या हातावरची पकड इतकी घट्ट झाली की मी ओरडणार होते. तिनं नंतर मला सांगितलं, त्या क्षणी तिलाही ती चंद्राची आईच वाटली. तोच डोंगरी हेल, तोच थकलेला आवाज. आम्ही तशाच उभ्या राहिलो. मग आत चंद्राचा आवाज आला, शाळेत कुणाचा धडा चुकल्यावर दुरुस्त करून सांगावं तसा शहाणा आवाज. ‘न्हाई, आसं न्हाई. माझी आई म्हनताना जरा दमायची. आन् “बया” म्हनायची आदी. परत म्हना.’

आतून तो आवाज पुन्हा आला. या वेळी जरा दमून. ‘बया, चंद्रे…’

तुम्हाला काय सांगू, आज एवढं वय झालं, अनेक मरणं बघितली, पण तो दुसऱ्यांदा आलेला, दुरुस्त केलेला आवाज आठवला की भरदुपारी माझे पाय गार पडतात.

आईनं दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. कडी निघाली. आत पोत्यांच्या थप्पीवर मास्तर बसले होते, डोक्यावरून पंचा घेतलेला, पाठ चंद्राकडे. चंद्रा भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून. वाटी मधे जमिनीवर. दुसरं काही नव्हतं. मास्तरांनी पंचा काढला, त्यांच्या गालावर पाणी होतं.

‘पोरगी लई रडायची, बाई. म्हनून…’

‘ते मी इचारतच न्हाई,’ आई म्हणाली. ‘दार का लावलं? आन् कुनाला सांगू नको आसं लेकराला का सांगितलं?’

चंद्रानं डोळे उघडले, आम्हाला बघितलं आणि जी किंचाळली ती अजून कानात आहे. आई तिला उचलायला गेली तर तिनं आईच्या दंडाला चावा घेतला.

हेडसरांच्या खोलीत संध्याकाळी दादांनाही बोलावलं होतं. हेडसर म्हणाले, हात लावला नाही, मारलं नाही, वाकडं बोलला नाही. तक्रार करायची तरी कशाची? दादा म्हणाले, ‘त्याच्या पोटावर पाय येईल. आपल्याला काय करायचंय?’ आई उभीच होती. म्हणाली, ‘मी त्यांना वाईट म्हनत न्हाई. असतील न्हाईतर नसतील, मला तरी कुठं ठाव हाय. पन एकदा समजावून सांगितलं हुतं, तरी बंद दाराआड एका लेकराला गुपित दिलं. आसं मानूस माझ्या पोरींत नको. आज आवाज हाय, म्हनून तुमी हसताय. मोठं काय झाल्यावर येऊ का सांगायला? ते ऱ्हानार असतील तर मी जाते, पन जाताना एकेकीच्या बापाला कळवून जाईन, का जाते ते.’ मग दादा घसा साफ करून म्हणाले, ‘ही जाणार असेल तर मीपण कारखाना सोडतो, सर.’ त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. हेडसरांनी चष्मा पुसला आणि मास्तरांना जायला सांगायचं कबूल केलं.

परवा मी नातीच्या शाळेत पालकसभेला गेले होते, नगरला. एक तरुण बाई सांगत होत्या, मोठ्यांच्या वागण्यातलं लहानसहान खटकणंही शाळेला कळवा, आरोप म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून. मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘एवढ्यातेवढ्यावरून शिक्षकाला बदनाम करायचं काय?’ सभा हसली. मला उठून बोलावंसं वाटलं, पण एवढी मोठी गोष्ट मी तिथं कुठून सुरू करणार? माझी लेक विचारते, तो माणूस वाईट होता की नाही? बाई गं, मला खरंच माहीत नाही. जायच्या आधी मास्तर आमच्या दारात आले होते, हातात ट्रंक. म्हणाले, ‘बाई, माझी आई बी मी लहान असतानाच गेली.’ आई म्हणाली, ‘मग तर तुमाला कळायलाच पायजे हुतं.’ ते बोलले तो आवाज चिरका, बारीक, आधी कधी न ऐकलेला. तो त्यांचा स्वतःचा होता की आणखी कुणाचा काढलेला, देव जाणे.

चंद्रा आईशी बोलेना. तिच्या हातचं खाईना, तिच्याकडून वेणी घालून घेईना. ‘बाईंनी माझी आई घालवली,’ असं तिनं भर ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, आणि आईनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या दिवशी आमच्या खोलीत ती रडली, पदराचा बोळा तोंडात धरून, पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘दुसऱ्यांदा मेली गं तिची आय, आन् ह्या वेळेला मी मारली,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल-फणी घेऊन चंद्राच्या शेजारी जाऊन बसली. चंद्रा उठून गेली. आई रोज बसत राहिली, ती रोज उठून जात राहिली.

हंगाम संपत आला. शेजारचा ऊस तुटला आणि अचानक तिन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसायला लागलं. एका दुपारी आई भांडारात, मी एकटीच घरात. मागच्या अंगणातून तो आवाज आला. दमलेला, डोंगरी. ‘बया, चंद्रे, मान हलवू नगं गं.’ मास्तर तर कधीच गेलेले. मी दाराला धरून बाहेर बघितलं. लख्ख उन्हात, धुण्याच्या दगडावर चंद्रा बसली होती, स्वतःच्याच केसांतून फणी फिरवत. ओठ तिचे हलत होते. ‘गुत्ता निघंना झालाय,’ ती त्या आवाजात म्हणाली, आणि मग स्वतःच्या बारीक आवाजात, ‘बरं.’

तिनं मान वर करून मला बघितलं. दचकली नाही, थांबली नाही, लपवलंही नाही. चेहरा तिचाच होता, शेंबडाच्या रेघेसकट. त्याच दमलेल्या आवाजात ती मला म्हणाली, ‘ये की गं, तुझे बी केस पिंजारल्यात. तुझी बी वेनी घालते.’

मी उन्हातून चालत गेले आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसले.